मऊ दाढीचा वस्तरा

तुळजाबाईचं लग्न तलवारीशी झालं होतं. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण भोकरदनकडच्या जुन्या घरांना त्यात फारसं नवल वाटत नसे. नवरदेव लढाईवर किंवा परमुलखात अडकला, तर घरचा खांडा वाजतगाजत पाठवायचा, अंतरपाट त्याच्यासमोर धरायचा आणि अक्षता टाकून मोकळं व्हायचं. धावड्याच्या रामराव पाटलांचा मुलगा भुजंग मात्र कुठे अडकला नव्हता. औरंगाबादेत शिकायला होता, तो ऐन हळदीच्या आदल्या दिवशी पळून गेला. हसनाबादला नवरीच्या दारात मांडव घातलेला, बुंदीच्या कढया चढलेल्या. रामरावांनी कपाळाला हात लावला नाही. देवघरातला खांडा उतरवला, त्याला भरजरी शेला गुंडाळला, घोड्यावर ठेवला आणि वरात घेऊन निघाले. पोरगा पळाला हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा तलवार पाठवणं त्यांना सोपं गेलं.

तुळजा तेव्हा चौदा वर्षांची होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला समोर एक पितळी मूठ दिसली, तिला हळद लावलेली. मंगळसूत्र आधी त्या मुठीला टेकवलं, मग सासूनं, झुंबरबाईनं, तिच्या गळ्यात बांधलं. तुळजाला वाटलं, चार-आठ दिवसांत नवरा येईल. सहा वर्षं झाली, तो आला नाही. वऱ्हाडात आहे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत सामील झालाय, एवढं लोक सांगत. चिठ्ठीचपाटी काही नाही.

पण घरात तिचा मान होता, हे सांगायला हवं. सत्यनारायण असो की कुळाचार, दोन पाट मांडले जात. एकावर तुळजा बसे, दुसऱ्यावर खांडा. त्याच्यावर शेला घालत आणि शेल्याचं टोक तिच्या पदराला बांधत. ती गाठ होती म्हणून ती पाटलांची सून होती. नाहीतर एवढ्या मोठ्या घरात भाकरी थापणाऱ्या बाया काय कमी होत्या? दर अमावस्येला ती खांड्याला तेल लावी. तेल लावता लावता तिच्या मनात त्याला हळूहळू चेहरा आला. उंच, सावळा, हळू बोलणारा, हनुवटीवर मऊ दाढी असलेला. असा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. पण कोणाला विचारावं लागत नव्हतं, त्यामुळे तिचं छान चाललं होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या चैत्रात पिंपळगाव रेणुकाईला हत्यारांची झडती झाली. निजामाचे वर्दीवाले आले, त्यांनी कणग्या उपसल्या, माळवदं उकरली आणि एका घरात गंजकी बर्ची सापडली म्हणून घरच्या कर्त्याला बांधून नेलं. तो परत आला नाही. बातमी धावड्याला पोचली त्या दुपारी रामरावांना जेवण गेलं नाही.

"खांडा विहिरीत टाकून देतो," ते म्हणाले. "आजच."

तुळजाबाई ताट उचलायला आली होती. सासऱ्यासमोर ती कधी तोंड वर करून बोललेली नव्हती. हातातलं ताट तसंच ठेवून ती म्हणाली, "मामंजी, तो विहिरीत गेला तर मी कुणाच्या शेजारी बसू?"

"मंग काय करू? सापडला तर समद्या घराचं वाटोळं व्हईल!"

अंगणात धर्मराज लोहार बसला होता. पेरणीआधी पाटलांकडची औतं नीट करायला तो दरवर्षी येई, गोठ्यातच आपली भट्टी मांडी आणि काम संपेपर्यंत तिथेच राही. सगळं त्याच्या कानावर पडलं. तो दारापाशी येऊन उभा राहिला.

"मालक, बोलू का? तलवार म्हनून ठेवली तर मरण हाय. पण लहान केली तर कोण वळखतंय? वस्तरा करून देतो. मोठ्या घरात धन्याचा वस्तरा येगळा असतोच. झडतीवाल्यांना त्याचं काई न्हाई."

"देवघरात वस्तरा ठेवायचा?" झुंबरबाई आतून म्हणाली. "न्हाव्याची वस्तू?"

"न्हाव्याची कशी, पाटलीणबाई? भुजंगमालकाच्या नावाचा करतो. त्यांच्या एकट्याचा."

रामराव मिशी चावत बसले. ज्या घराण्याला आपण तलवारबहाद्दर म्हणवतो तिथे वस्तऱ्याची पूजा होणार, हे गिळायला त्यांना जड गेलं असणार. शेवटी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. "खांडा मोडला, असं कुनी म्हनायचं न्हाई. खांडा लहान झाला, असं म्हनायचं. मान तोच, हक्क तोच. काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पाटलांच्या घरात माना हलवायला वेळ लागत नसे.

भाता ओढायला माणूस हवा होता. धर्मराजची बायको माहेरी गेलेली, आणि बाहेरच्याला बोलवावं तर गुपित दोन तासांत भोकरदनच्या बाजारात. तेव्हा तुळजाबाईनं पदर खोचला. "भाता मी ओढते, धर्मराजदादा."

गोठ्यात आधी नांगराच्या फाळांवर घण पडले, म्हणजे आवाजाचा कोणाला संशय यायला नको. मग धर्मराजनं कडब्याच्या गंजीत लपवलेला खांडा काढला. मूठ उतरवली, पातं कोळशात धरलं. "एवढ्या लांबीतलं चार बोटं बास व्हतं," तो म्हणाला. "कुठलं घेऊ? टोकाचं घेऊ का मधलं?"

"मुठीजवळचं," ती लगेच म्हणाली. गाठ तिथे बांधत असत.

पातं लाल झालं तसं त्यानं ते ऐरणीवर घेतलं, छिन्नी लावली आणि दोन घावांत तुकडा वेगळा झाला. उरलेलं पातं त्यानं तापवून वाकडंतिकडं केलं, तुकडे पाडले आणि खुरप्यांसाठी बाजूला टाकले. सहा वर्षं जिच्यापुढे ती रोज डोकं टेकत होती ती तलवार आता तण काढणार होती. ती भाता ओढत राहिली. धूर डोळ्यांत जातोय म्हणून बरं, नाहीतर रडण्याला काही कारण सांगावं लागलं असतं.

जुनं पोलाद हट्टी असतं. फार तापवलं तर त्याचा भुगा होतो, कमी तापवलं तर चिरतं. धर्मराज शब्द न बोलता हातानं खुणा करी, जोरात, हळू, थांब. आणि ती तसा भाता ओढी. तुकडा हळूहळू लांबला. एका अंगाला पाठ आली, दुसऱ्या अंगाला पातळ कड, मागे बोट टेकवायला शेपटी. त्यानं तो गरम राखेत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी कानस घेतली, आणि काम अर्ध्यावर आल्यावर हात थांबवून विचारलं, "भुजंगमालकाची दाढी कशी हाय, वैनीसाब?"

तिला प्रश्न कळलाच नाही.

"म्हंजी राठ का मऊ? वस्तरा दाढीवर बेतावा लागतो. राठ आसंल तर पातं जाड ठेवतो, धारंच्या मागं बळ पायजे. मऊ आसंल तर दोन्ही अंगानं खोल घासून कागदासारखं करतो. मऊचा राठ दाढीवर फिरवला की धार लवती. एकदा पाणी देऊन कडक केलं की मंग बदलता येत न्हाई. बराबर सांगा."

ज्या माणसाच्या नावाचं कुंकू ती लावत होती त्याची दाढी कशी, हे एक लोहार तिला विचारत होता आणि तिला सांगता येत नव्हतं. शरमेनं तिचे कान तापले. "आत्याबाईंना विचारून येते," म्हणून ती आत गेली.

झुंबरबाई डाळ निवडत होती. "गेला तवा नुसती मिसरूड फुटली व्हती गं. पण बापावर गेला आसंल तर राठच. ह्यांची दाढी करायची म्हटलं की न्हावी कुरकुर करतो."

तुळजाबाई गोठ्यात परत आली. धर्मराज कानस धरून वाट बघत होता. आईनं सांगितलेलं त्याला सांगावं, एवढंच काम होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे तो आला, अमावस्येच्या तेलाच्या वासातला, हळू बोलणारा.

"मऊ हाय," ती म्हणाली.

याला खोटं म्हणावं का? म्हणा खुशाल. पण या घरात भुजंगबरोबर सहा वर्षं तिनंच काढली होती. बाकीच्यांनी फक्त त्याची वाट पाहिली होती.

धर्मराजनं पातं दोन्ही अंगांनी खोल घासलं. मग ते तापवून कोमट जवसाच्या तेलात बुडवलं, तेल चरचरलं. दगडानं उजळवून पुन्हा निखाऱ्यावर दुरून धरलं, आणि पोलादावर वाळल्या कडब्याचा रंग चढताच झटकन बाजूला घेतलं. मूठ बैलाच्या शिंगाची केली, आणि ती ज्या पितळी खिळ्यावर फिरते तो खिळा खांड्याच्या मुठीतूनच काढला. पुढचे दोन दिवस नुसती धार लावण्यात गेले, आधी दगडावर पाणी टाकून, मग कातड्याच्या पट्ट्यावर. शेवटी तो म्हणाला, "एक केस द्या."

तिनं कपाळावरचा एक केस उपटून दिला. त्यानं तो हवेत लटकता धरून धारेला टेकवला. केस तुटला तो तिला दिसलासुद्धा नाही.

झडती आषाढात आली. वर्दीवाल्यांनी देवघरातले टाक खाली उतरवले, कणग्या पालथ्या केल्या. एकानं वस्तरा उघडून धार अंगठ्यावर पाहिली, अंगठा कापून घेतला आणि शिवी हासडून तो होता तिथे ठेवला. घर वाचलं. श्रावणातल्या सत्यनारायणाला तुळजाबाईच्या शेजारच्या पाटावर वस्तरा होता, वर शेला होता, आणि शेल्याला गाठ होती. सुरुवातीला ओशाळलेली झुंबरबाई प्रसाद वाटेपर्यंत सरावली.

भादव्यात हिंदुस्थानी फौज आली आणि निजामाचं राज्य आठवडाभरात कोसळलं. लोक रस्त्यावर नाचत होते. त्या गर्दीतून एक बैलगाडी पाटलांच्या दाराशी थांबली आणि भुजंग उतरला.

तुळजाबाईनं त्याला दाराआडून पाहिलं. बुटका होता, छातीनं रुंद, गोरा. आवाज असा की गोठ्यातले बैल माना वळवून बघू लागले. आणि तोंडभर दाढी, काळी, जाड, बाभळीच्या काटक्यांसारखी. त्याच्यामागून एक बाई उतरली, कडेवर लहान मुलगी. बाईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

"ही उषा," भुजंग बापाच्या पाया पडून म्हणाला. "वऱ्हाडातली. तीन वर्षं झाली लग्नाला. लपून राह्यलो व्हतो, कळवता आलं न्हाई."

झुंबरबाईनं नातीला घेतलं आणि ती एकदम रडायला लागली. ते आनंदाचं होतं की कसलं, तिलाच माहीत. तुळजाबाई आत गेली आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

तिसऱ्या प्रहरी भुजंगनं विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता. तिच्याकडे बघताना त्याची मान खाली जात होती. "आबा, तिला मोकळी करा. मी काडीमोड देतो. तिच्या मनासारखं व्हऊ द्या."

"तू देतो?" रामराव उठून उभे राहिले. "लग्नाला तू व्हतास का? न्हवतास. मंग काडीमोड द्यायला कुठनं आलास? खांड्यानं केलं, खांड्यानंच सोडावं. खांडा काई बोलत न्हाई, तवा ती या घरची सून हाय आन् सूनच राहील. हसनाबादेत माझं हसं करायचंय का तुला?"

भुजंगनं खोलीभर नजर फिरवली. "कुठंय तो खांडा?"

तुळजाबाईनं देवघरातून वस्तरा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. काय घडलं ते झुंबरबाईनं सांगितलं. भुजंगला ते ऐकून हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. त्याला तिला बरं वाटेल असं काहीतरी करायचं होतं. "माझ्या नावाचा हाय म्हनता? मंग बघू तरी," म्हणून त्यानं गाल ओला केला आणि वस्तरा फिरवला. दोन हात फिरले, तिसऱ्याला पातं अडकलं. गालावर रक्ताची रेघ उमटली. त्यानं धार उजेडात धरली. ती एका जागी लवली होती.

"चांगला हाय," तो वस्तरा मिटत म्हणाला. "पण हा माझ्या दाढीचा न्हाई."

"न्हाईच," तुळजाबाई म्हणाली. आपण हे मोठ्यानं बोललो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

त्या दिवसापासून घरातल्या गोष्टी आपोआप सरकू लागल्या. दुधाचं भांडं उषाबाईच्या हातात गेलं. गावातल्या बाया सवाष्ण म्हणून उषाबाईला बोलवायला येत आणि तुळजाबाई दिसली की काय बोलावं ते न सुचून हवापाण्याच्या गप्पा मारत. उषाबाई बिचारी तिला "आक्का, आक्का" करी, तेच जास्त लागे. माहेरहून भाऊ दोनदा न्यायला आला. रामरावांनी दोन्ही वेळा त्याला जेवू घालून परत पाठवलं. "आमची सून आम्ही टाकली न्हाई," ते अभिमानानं सांगत. टाकली नाही हे खरं होतं. ठेवली कशासाठी, हे त्यांना कोणी विचारलं नाही. तुळजाबाई विसाव्या वर्षापासून त्या घरातल्या एका पाटावर बसून म्हातारी होणार होती, शेजारी बैलाच्या शिंगाची मूठ घेऊन.

दसऱ्याच्या आधी ती वस्तरा घेऊन धर्मराजच्या दारी गेली. त्यानं धारेवरून नख फिरवलं आणि मान हलवली.

"राठ निघाली ना दाढी? मी म्हनलं व्हतं. आता जाड पात्याचा दुसरा करून देऊ का मालकाला?"

"नको. ह्यालाच लावा."

"परत मऊचीच धार?"

"मऊचीच."

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. राज्य गेलं, भीती गेली, त्यामुळे रामरावांनी यंदा सगळी भाऊबंदकी जेवायला बोलावली होती. देवघरासमोर कुऱ्हाडी, कोयते, विळे, औताचे फाळ ओळीनं मांडले होते. खांड्याच्या तुकड्यांची खुरपीही त्यात होती, हळदकुंकू लावलेली. भुजंग आणि उषाबाई जोडीनं बसले. झुंबरबाईला राहवलं नाही. तिनं तिसरा आणि चौथा पाट मांडला, तुळजाबाईला हाताला धरून बसवलं, शेजारी वस्तरा ठेवला. शेला आता भुजंगच्या खांद्यावर होता, म्हणून तिनं एक साधं उपरणं आणलं, त्याचं एक टोक वस्तऱ्याच्या मुठीला बांधलं आणि दुसरं सुनेच्या पदराला. म्हातारीचं मन चांगलं होतं. गाठ तिनं नेहमीपेक्षा घट्ट मारली.

भाऊबंद बघत होते. पलीकडे उषाबाईची मुलगी बापाच्या मांडीवर चढून त्याची दाढी ओढत होती आणि तो हसत होता. तुळजाबाईनं वस्तऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग तिनं तो उचलला, उघडला आणि पदरावरच्या गाठीच्या अलीकडे टेकवला. ओढावंसुद्धा लागलं नाही. पदराचा तुकडा गाठीसकट उपरण्याला लोंबत राहिला.

"आगं!" झुंबरबाई ओरडली.

तुळजाबाईनं वस्तरा मिटून पाटावर ठेवला आणि सासऱ्यापुढे वाकून नमस्कार केला. शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "मामंजी, खांड्यानं केलं, खांड्यानंच सोडलं. मान तोच, हक्क तोच, तुम्हीच म्हनाल्तात. आता मला हसनाबादला जाऊ द्या."

रामरावांनी भाऊबंदांकडे पाहिलं. खांडा मोडलेला नाही, लहान झालाय, हे त्यांनीच राज्य पालटल्यापासून या सगळ्या लोकांना दहादा ऐकवलं होतं. आता तो खांडा नव्हे म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी गड्याला गाडी जुंपायला सांगितलं आणि ते माडीवर निघून गेले. झुंबरबाईनं दशम्या बांधून दिल्या. देताना सुनेच्या कापलेल्या पदराला हात लावला आणि आत गेली.

धर्मराज लोहार खंडेनवमीचा मान घ्यायला दाराशी येऊन बसला होता. आत काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. तुळजाबाई गाडीत चढताना दिसली तसं त्यानं सहज विचारलं, "मंग वैनीसाब, धार कशी चालली?"

"मऊ चालली, धर्मराजदादा. तुम्ही बराबर लावल्ती." ती गाडीत बसली. "दाढी मऊच व्हती त्यांची."

आणि मग, सहा वर्षांत जे एकदाही झालं नव्हतं ते झालं. गाव मागे पडेपर्यंत ती नवरा गेलेल्या बाईसारखी रडली.